तळ्यातील माशांची ओळख

बैल घेताना त्याचे दात पाहावयाचे, बियाणे घेताना ते तळहातावर पसरून पाहावयाचे, हा ज्याचा नित्याचा शिरस्ता, तोच शेतकरी तळ्यासाठी मत्स्यबीज घेताना विक्रेत्याच्या शब्दावर विसंबतो, असे पुष्कळदा दिसून येते. बोटाएवढ्या माशात काय पारखावयाचे, असा त्याचा समज असतो. परंतु येथे झालेली चूक तळ्याचे पाणी आटल्यावरच कळते, आणि तोवर वर्ष वाया गेलेले असते.

माशाची ओळख त्याच्या तोंडापासून सुरू करावी. कटल्याचे डोके मोठे, तोंड रुंद व वर वळलेले असून त्यास मिशा मुळीच नसतात. पाण्याच्या वरच्या थरातील सूक्ष्म जीव हे त्याचे अन्न. रोहूचे डोके त्या मानाने लहान, ओठ झालरीसारखे व खवल्यांवर तांबूस झाक असते. तो मधल्या थरात चरतो. मृगळ अंगाने सडपातळ व रुपेरी असून तळाच्या गाळातील कुजके पदार्थ खातो. तिघांची पंगत अशी निरनिराळी असल्यामुळेच ते एका तळ्यात सुखाने वाढतात, आणि चार भाग कटला, तीन रोहू व तीन मृगळ असे प्रमाण ठेवण्याचे कारणही हेच होय. गळाची हौस असणाऱ्यांनीही हे ध्यानी धरावे. मृगळासाठी कणकेची गोळी तळाशी टेकवावी लागते; कटल्यासाठी ती वरच ठेवावी.

बीज घेताना पांढऱ्या थाळीत थोडे पाणी घेऊन त्यात पाचपन्नास पिल्ले सोडावीत. शेपटीच्या मुळाशी काळसर त्रिकोणी ठिपका दिसल्यास तो मृगळ, आडवा पट्टा दिसल्यास रोहू. कटल्यास तेथे ठळक खूण नसते, त्याचे डोकेच त्याची साक्ष देते.

हे तिन्ही मासे साठलेल्या पाण्यात आपण होऊन वीत नाहीत. म्हणून पूर्वी नदीतून बीज धरून आणीत व त्यात नाना जातींची भेसळ असे. सन १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून त्यांची वीण घडवून आणली, तेव्हापासून शुद्ध बीज मिळण्याची सोय झाली. तरी भेसळ संपली असे नव्हे. सन १९५२ मध्ये या देशात आणलेली चिलापी तळ्यातच विते, मादी अंडी तोंडात सांभाळते, आणि पिल्लांची एवढी दाटी होते की कोणताच मासा धड वाढत नाही. पाठीवरील लांब पर व त्याच्या पुढच्या भागातील टोचणारे काटे ही तिची खूण.

सापासारख्या डोक्याचा मरळ आणि बिनखवल्यांचा, मोठ्या जबड्याचा शिवडा हे खाण्यास उत्तम. परंतु बोटुकलीच्या तळ्यात ते म्हणजे मेंढवाड्यातील लांडगेच. आम्ही एकदा नाल्याचे पाणी जाळी न लावता तळ्यात घेतले. उन्हाळ्यात पाणी उपसले तेव्हा हाती आले ते चार धष्टपुष्ट मरळ, आणि सोडलेल्या बोटुकलीपैकी जवळजवळ काहीच नाही.

यावर मोहाची पेंड हा उपाय चांगला. बंदिस्त तळ्यात एक मीटर खोल पाण्यास हेक्टरी २,५०० किलो पेंड भिजवून टाकली असता नको असलेले मासे मरतात व पुढे तिचेच खत होते. मात्र तीन आठवडे थांबावे, आणि नंतरही जाळीच्या कप्प्यात दहाबारा पिल्ले एक दिवस ठेवून ती जगली तरच उरलेले बीज सोडावे.