प्रत्यारोपित मूत्रपिंडाची देखरेख आणि एमआरआय

२३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टन येथे डॉ. जोसेफ मरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्या भावाच्या शरीरात यशस्वीपणे बसविले. या कार्याबद्दल डॉ. मरे यांना १९९० साली नोबेल पारितोषिकाचा सन्मान लाभला. भारतात १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण यशस्वी झाले. आज ही शस्त्रक्रिया अपूर्वाईची राहिलेली नाही. मात्र शस्त्रक्रिया साधली म्हणजे कार्य संपले असे नाही. ते मूत्रपिंड वर्षानुवर्षे टिकविणे हीच खरी कसोटी. आपल्याकडे दाता बहुधा आई, वडील, बहीण अथवा पत्नी असते. त्यांनी दिलेले मूत्रपिंड गमावले, तर दुसरे मिळणे दुर्घट असते.

प्रत्यारोपण मोठ्या शहरात झाले, तरी पुढे सर्दी-तापासाठी रुग्ण आपल्याच दवाखान्यात येतो. म्हणूनच या देखरेखीत एमआरआयचे स्थान कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

क्रिएटिनिनची मर्यादा

देखरेखीचा नित्याचा आधार म्हणजे रक्तातील क्रिएटिनिन. परंतु बऱ्याच नेफ्रॉन्सना इजा पोहोचल्यावरच त्याचे प्रमाण वाढते, आणि वाढले तरी कारण कळत नाही. समजा, १.२ मिलिग्रॅमवर स्थिर असलेले क्रिएटिनिन १.७ वर गेले. हे निर्जलीकरणाने, टॅक्रोलिमसच्या विषारी परिणामाने, मूत्रवाहिनीतील अडथळ्याने, जंतुसंसर्गाने किंवा रिजेक्शननेही घडू शकते. या प्रत्येकाचा उपचार भिन्न, किंबहुना काही वेळा परस्परविरोधी असतो. संसर्गात प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे कमी करावी लागतात, तर रिजेक्शनमध्ये ती वाढवावी लागतात.

अशा वेळी पहिली प्रतिमा डॉप्लर सोनोग्राफीचीच असावी. ती सुलभ, अल्पखर्चिक आणि रुग्णाच्या खाटेजवळ करता येण्याजोगी आहे. तिने उलगडा न झाल्यास एमआरआयचा विचार करावा. धमनीचे आकुंचन, मूत्रवाहिनीतील अडथळा, मूत्रपिंडाभोवती साचलेला द्रव यांचे स्पष्ट दर्शन त्यात होते. प्रत्यारोपित मूत्रपिंड ओटीपोटाच्या बाजूस, त्वचेपासून फारसे खोल नसते व श्वासाबरोबर फारसे हलत नाही. त्यामुळे त्याची प्रतिमा मूळ मूत्रपिंडापेक्षा अधिक स्थिर मिळते.

रचनेकडून कार्याकडे

गेल्या तीन दशकांत एमआरआयने रचनेपलीकडे जाऊन कार्याचे मापन करण्याचा प्रयत्न केला आहे. त्याच्या चार पद्धती प्रमुख होत.

पहिली ‘बोल्ड’ पद्धती. ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात किंचित विक्षोभ निर्माण करते. त्यावरून ऊतींतील ऑक्सिजनचा अंदाज बांधता येतो. १९९६ साली प्रसाद, एडलमन व एपस्टाइन यांनी ती मानवी मूत्रपिंडासाठी वापरली. निरोगी मूत्रपिंडातही मेड्युलामध्ये ऑक्सिजनचा दाब अवघा १० ते २० मि.मी. असतो. तीव्र रिजेक्शनमध्ये मात्र मेड्युलातील ऑक्सिजन तुलनेने वाढलेला दिसल्याचे काही अभ्यासांत आढळले. हे वरकरणी विपरीत वाटते. परंतु नलिकांचे सोडियम शोषणाचे काम मंदावले की ऑक्सिजनचा खपही घटतो, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. पाणी पिणे किंवा फ्युरोसेमाइड घेणे एवढ्यानेही हे मापन बदलते, हे ध्यानी ठेवले पाहिजे.

दुसरी विसरणाधारित पद्धती पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजते. फायब्रोसिस वाढला की ही हालचाल घटते. तिसरी, धमनीतील रक्तालाच चुंबकीय खूण करून कॉर्टेक्समधील रक्तपुरवठा मोजणारी. तीत कोणतेही औषध टोचावे लागत नाही. चौथी इलॅस्टोग्राफी ऊतींचा ताठरपणा मोजते; मात्र रक्तपुरवठा घटल्यास ताठरपणाही कमी भासतो व फायब्रोसिस झाकला जाऊ शकतो. तात्पर्य, या पद्धती बिघाड दाखवितात. त्याचे कारण खात्रीने सांगत नाहीत.

गॅडोलिनियमचा धडा

२००० साली डायलिसिसच्या रुग्णांत त्वचा व सांधे ताठरणाऱ्या एका नव्या विकाराचे वर्णन प्रसिद्ध झाले. २००६ साली त्याचा संबंध गॅडोलिनियमयुक्त कॉन्ट्रास्टशी जोडला गेला. हाच नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस. त्यानंतर नियम कडक झाले व अधिक स्थिर रचनेची द्रव्ये वापरात आली. त्यांच्यामुळे हा धोका अत्यल्प झाला आहे. तथापि ज्यांचा गाळणदर ३० च्या खाली आहे, त्यांच्याबाबत कॉन्ट्रास्टची खरोखर गरज आहे काय, हे रेडिओलॉजिस्टशी बोलूनच ठरवावे. रक्तवाहिन्यांचे चित्रण आता कॉन्ट्रास्टविनाही शक्य आहे.

बायॉप्सीला पर्याय आहे काय?

तूर्त तरी नाही. रिजेक्शनचे निदान १९९१ साली कॅनडातील बँफ येथे आरंभलेल्या वर्गीकरणानुसार बायॉप्सीवरच होते. तिच्यात रक्तस्रावाचा धोका असतो, आणि नमुनाही तोकडा असतो. सुमारे दहा लाख ग्लोमेरुली असलेल्या अवयवाची परीक्षा आपण दहा-वीस ग्लोमेरुलींवरून करतो. एमआरआय मात्र संपूर्ण अवयव पाहतो आणि पुन्हा पुन्हा करता येतो. त्यामुळे बायॉप्सी कोणाला व केव्हा करावी, हे ठरविण्यास भविष्यात त्याचे साहाय्य होईल, अशी आशा बाळगता येते. कार्यमापनाच्या या पद्धतींची प्रमाणित मूल्ये सर्व केंद्रांत एकसारखी नाहीत. म्हणून त्या आजही मुख्यत्वे संशोधनाच्या कक्षेत आहेत.

आपले कर्तव्य

क्रिएटिनिन वाढल्यास ‘आठवडाभर पाहू’ म्हणू नये; त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राशी संपर्क साधावा. एमआरआयच्या प्रतीक्षेत बायॉप्सी लांबवू नये. वेदनाशामक देताना शंभर वेळा विचार करावा. क्लॅरिथ्रोमायसिन व फ्लुकोनाझोल टॅक्रोलिमसची पातळी वाढवितात, रिफाम्पिसिन ती घटविते, याचे सतत भान असावे.

यंत्र कितीही सूक्ष्म झाले, तरी रुग्णास वेळेवर त्या यंत्रापर्यंत पोहोचविणारा त्याचा कुटुंबवैद्यच असतो. एका आईने लेकराला दिलेले दान राखण्यात आपलाही वाटा आहे, याचे स्मरण आपणा सर्व व्यवसायबंधू-भगिनींना राहावे, एवढीच अपेक्षा.