भूदृश्य-छायाचित्रे आणि आघाताची स्मृती

छायाचित्र हा घडलेल्या क्षणाचा पुरावा असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु हिंसा घडून गेल्यानंतर तिच्या स्थळाचे जे छायाचित्र घेतले जाते, त्यात घटना नसते. असते ती केवळ भूमी. अशा भूदृश्यातून आघाताची स्मृती कशी व्यक्त होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाचाही आहे. कारण या स्मृतीच्या घडणीत शब्दाचा वाटा निर्णायक असतो.

रॉजर फेंटन यांनी १८५५ मध्ये क्रिमियन युद्धाच्या वेळी घेतलेल्या प्रसिद्ध छायाचित्रात एक ओसाड घळ, तीतून जाणारी वाट आणि विखुरलेले तोफगोळे एवढेच दिसते. मनुष्य एकही नाही. 'मृत्युच्छायेची दरी' हे बायबलमधील स्तोत्राचे स्मरण देणारे शीर्षक मात्र त्या घळीला मृतांनी भरून टाकते. या दृश्याची दोन छायाचित्रे उपलब्ध आहेत: एकात वाट मोकळी आहे, तर दुसऱ्यात तिच्यावर गोळे पडलेले आहेत. उतारावरील दगडांच्या सरकलेल्या जागांवरून मोकळ्या वाटेचे चित्र आधीचे, असे एरॉल मॉरिस यांनी २००७ मध्ये दाखविले. म्हणजे पुराव्यातही रचना असू शकते.

फेलिचे बिआतो यांच्या लखनौ येथील सिकंदरबागेच्या छायाचित्रात (१८५८) हा प्रश्न अधिक तीव्र होतो. नोव्हेंबर १८५७ मध्ये तेथे सुमारे दोन हजार बंडवाले मारले गेले. छायाचित्र त्यानंतर काही महिन्यांनी घेतलेले आहे. अंगणात पसरलेली हाडे चित्रासाठी मांडली असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. तत्कालीन ब्रिटिश प्रेक्षकाला ते विजयाचे दृश्य वाटले असेल. आपल्याला तेच शोकस्थळ वाटते. भूमी एकच, स्मृती मात्र दोन.

याउलट, क्लोई ड्यू मॅथ्यूज यांच्या 'शॉट ॲट डॉन' (२०१४) या चित्रमालेत खूण जवळजवळ उरलेलीच नाही. पहिल्या महायुद्धात पलायन वा भ्याडपणा या आरोपांखाली ज्या सैनिकांना त्यांच्याच सैन्याने गोळ्या घातल्या, त्यांची फ्रान्स व बेल्जियममधील वधस्थळे त्यांनी शक्यतो त्याच ऋतूत, पहाटेच्या सुमारास टिपली. दिसतात ती शेते, झाडे, भिंती. शीर्षकात सैनिकांची नावे, दिनांक आणि स्थळ येते, आणि साधे शेत असह्य होते. ब्रिटनने अशा ३०६ सैनिकांना क्षमा दिली ती २००६ मध्ये. दीर्घकाळ ज्यांची नावे स्मारकांवर नव्हती, त्यांना येथे शीर्षकानेच जागा दिली आहे.

मम्मटाने आर्थी व्यंजनेच्या विवेचनात वक्ता, श्रोता, प्रकरण, देश, काल आदींचे वैशिष्ट्य महत्त्वाचे मानले आहे. ही दृष्टी येथे उपयुक्त ठरते. भूदृश्य स्वतः काही सांगत नाही. प्रकरण कळले की ते सूचक होते. म्हणूनच शीर्षकाकडे चित्राची पुरवणी म्हणून पाहणे योग्य नव्हे.

मात्र जो शब्द स्मृती जागवितो, तोच तिला एकांगीही करू शकतो. शीर्षक कोणी दिले, कोणासाठी दिले आणि त्यात कोणाचे नाव गाळले, हे प्रश्न विचारल्यावाचून अशा चित्राचे वाचन पूर्ण होत नाही. सिकंदरबागेतील मृतांना शीर्षकात नावे नाहीत, ही उणीव तेथील हाडांइतकीच बोलकी आहे.