अक्षरांचा आकार आणि वाचकाचा अधिकार

चाळिशी उलटली कीं जवळचें अक्षर अंधुक दिसूं लागतें. आपल्या भाषेंत चष्म्यासच 'चाळिशी' हें नांव पडलें, तें उगाच नव्हे. छापील पुस्तकांत अक्षरांचा आकार एकदांच ठरतो. मग वाचकानें चष्मा लावावा किंवा भिंग हातीं घ्यावें, एवढाच मार्ग उरतो. संकेतस्थळाचें पान मात्र वाचकाच्या यंत्रावर प्रत्येक वेळीं नव्यानें जुळविलें जातें. म्हणून आकार ठरविण्याचा अधिकार वाचकासही देतां येतो. तो कसा राखावा, याचा आम्ही येथें थोडा विचार करणार आहों.

पानाचें रूप सीएसएस नांवाच्या भाषेंत सांगतात. तींत आकार सांगण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिली पिक्सेलची, म्हणजे ठराविक मापाची. दुसरी प्रमाणाची, म्हणजे मूळ आकाराच्या इतके पट असें सांगण्याची. या दुसऱ्या रीतींतील एका परिमाणास 'रेम' म्हणतात. बहुतेक ब्राउझरांत मूळ आकार १६ पिक्सेल असतो व वाचकास तो सेटिंगमधून बदलतां येतो.

समजा, आम्हीं मजकूर १ रेम व मथळा १.५ रेम ठेविला. सामान्यतः ते १६ व २४ पिक्सेल दिसतील. एखाद्या आजोबांनीं मूळ आकार २४ केला, तर तेच २४ व ३६ होतील. प्रमाण न बिघडतां सर्व वाढेल. परंतु मजकूर '१४ पिक्सेल' असा बांधून टाकला, तर आजोबांची ही इच्छा पानापर्यंत पोंचतच नाहीं. कांहीं पानें तर मोबाइलवर दोन बोटांनीं अक्षर मोठें करण्याचीही वाट अडवूं पाहतात. हा दोष सर्वथा टाळावा.

डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनें २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या सुगमतेच्या नियमांत असें सांगितलें आहे कीं, मजकूर २०० टक्क्यांपर्यंत वाढविला तरी त्यांतील कांहीं नाहींसें होऊं नये व कोणतेंही काम अडूं नये. म्हणून चौकटींची उंची ठराविक ठेवूं नये; अक्षरांबरोबर चौकटही वाढावी. देवनागरींत वर मात्रा व अनुस्वार, खालीं उकार. ओळी दाटल्या तर ते एकमेकांस भिडतात. यास्तव दोन ओळींतील अंतर अक्षराच्या निदान दीडपट ठेवावें, आणि तेंही प्रमाणांतच सांगावें.

ही बाब केवळ सोयीची आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. पेन्शनचा हिशेब किंवा डॉक्टरांचा अहवाल ज्यास दुसऱ्याकडून वाचवून घ्यावा लागतो, त्याची खासगी गोष्ट खासगी राहत नाहीं. अक्षर वाढूं देणें म्हणजे त्याचें स्वातंत्र्य राखणें होय.

विद्यार्थीमित्रहो, आपण रचलेलें पान उघडून ब्राउझरचा मूळ आकार दुप्पट करून पाहा. अक्षरें वाढलीं, कांहीं झांकलें गेलें नाहीं, तर काम साधलें. आज आपली दृष्टि तीक्ष्ण आहे. पण चाळिशी आपल्यालाही चुकणार नाहीं.