लाल म्हणजे जबरी नव्हे

राहुरी

चि. बाळास,


नेवाशात तुझे कृषी सेवा केंद्र सुरू होते आहे, परवानाही मिळाला, हे कळून फार आनंद झाला. माल भरण्याआधी एक गोष्ट मनावर घे.

कीटकनाशकाच्या लेबलवर तिरका चौकोन असतो. त्याचा खालचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. लाल सर्वांत विषारी, बाकीचे उतरत्या क्रमाने. आपल्याकडे मात्र लाल म्हणजे जबरी औषध आणि हिरवे म्हणजे नुसते पाणी, असा समज आहे. तो मोडणे तुझे काम. रंग माणसाला असलेला धोका सांगतो. अळी किती मरेल हे त्यावरून कळत नाही. क्लोरँट्रानिलीप्रोलवर हिरवा त्रिकोण असतो, तरी अळीवर ते उत्तम चालते. म्हणून कोणी ‘लालच द्या’ म्हणाले, तर आधी पीक आणि कीड विचार. हिरवे औषधही उघड्या हाताने कालवायचे नाही, हेही सांग.

लेबलचे हे नियम माणसे गमावून आले आहेत. 1958 मध्ये केरळात जहाजातून येणाऱ्या धान्य-पिठात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर 1968 चा कीटकनाशक कायदा झाला. तरीही 2017 च्या हंगामात यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी-शेतमजूर गेले.

सुटे औषध कोणालाही देऊ नकोस. कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतलेल्या औषधाला ना नाव राहते, ना इशारा. घरातले पोर ते सरबत समजून पिते. खोक्यातली माहितीपत्रिका गिऱ्हाइकाच्या हातात दे. विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार आणि उतारा त्यात असतो. दवाखान्यात जाताना बाटली सोबत न्यायला सांग. कोणते विष अंगात गेले हे कळले की डॉक्टरांचा वेळ वाचतो. टोमॅटोवाल्याला फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस सोडायचे, तेही लेबलवरून वाचून दाखव.

पंप पुष्कळदा मजुराच्या पाठीवर असतो आणि त्याला बारीक अक्षर वाचता येतेच असे नाही. बिल फाडण्याआधी लेबल मोठ्याने वाचून दाखव. दुकानात कितीही गर्दी असो, यात कसूर करू नकोस.

तुझा,
मामा