सीपीकेचा हिशेब
निपाणी-बेळगावकडे लष्करभरतीच्या तयारीत पोरे एका दमात शेकडो बैठका मारतात. स्नायू तुटले, की एरवी साधारण २०० च्या आत असणारे सीपीके हे एन्झाइम रक्तात हजारोंवर जाते. मग रोग्याला घरी केव्हा सोडावे? विडीच्या मजुरीवरच्या घराला खाटेचा एक जादा दिवसही जड.

मी वाणिज्याचा, एका दिवसाच्या शिलकेवरून पेढी जोखत नाही. हा आकडा १ ते ३ दिवस चढतो, मग दीडेक दिवसात निम्मा होतो. चढतीचे ५००० आणि उतरतीचे ५००० एक नव्हेत! खरे भय मूत्रपिंडांचे. लंडनच्या बॉम्बहल्ल्यात ढिगाऱ्यातून जिवंत निघालेली काही माणसे त्यानेच दगावल्याचे बायवॉटर्स व बील यांनी १९४१ साली नोंदवले. लघवी कोऱ्या चहासारखी, क्रिएटिनिन किंवा पोटॅशियम चढलेले, तर सलाईन आणि मुक्काम. हे सारे ठीक आणि आकडा उतरता असेल, तर २०० ची वाट न पाहता डॉक्टर सोडू शकतात. दोन-तीन दिवसांनी फेरतपासणी मात्र हवी.