मृगाआधी धुरा फिरा, मग शेताचा आराखडा मांडा

मृग तोंडावर आला की शेततळं, फळझाडांचे खड्डे, कुंपण अशा कामांची घाई होते. शेतकरी बंधू-भगिनींनो, यंदा आधी शेत वाचा. 1978 मध्ये ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी मांडलेल्या पर्माकल्चर या शाश्वत शेतीपद्धतीचं पहिलं कामच हे आहे: धुऱ्याबाहेरून शेतात काय काय येतं ते नोंदवायचं आणि मगच प्रत्येक गोष्टीची जागा ठरवायची. गट नकाशाच्या दोन-तीन प्रती काढा आणि त्यावरच खुणा करा.

पाणी : एका एकरावर 25 मिमी पाऊस पडला की सुमारे एक लाख लिटर पाणी होतं. पहिला मोठा पाऊस ओसरताच शेतात जा. विजा चमकत असतील तर थांबा. पाणी कोणत्या धुऱ्यावरून आत आलं, कुठे साचलं, कुठून माती घेऊन निघालं, तिथे खुंट्या ठोका. शेततळ्याची जागा या खुंट्या बघूनच ठरवा.

माती : फूटभर खोल खड्डा पाण्याने भरा. जिरलं की पुन्हा भरा आणि दुसऱ्यांदा जिरायला किती वेळ लागतो ते पाहा, त्यावरून निचरा कळतो. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूरकडच्या खारपाणपट्ट्यात सोडियममुळे मातीचे कण विस्कटतात आणि पाणी तुंबून राहतं. तिथे संत्र्याचा हट्ट नको. रुंद वरंबा-सरीवर कापूस, तूर घ्या, रब्बीत हरभरा घ्या आणि पावसाचं गोडं पाणी शेततळ्यात साठवा. बोअरच्या पाण्याची ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचं माप) 2.25 डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त आली तर ते ओलितासाठी फार खारं समजा. याउलट, सातपुड्याच्या पायथ्याला निचरा चांगला असेल, तर फळबागेचा विचार करता येतो. मात्र वरुड-मोर्शीकडे भूजल खोल गेलंय. मे महिन्यात विहिरीत किती पाणी उरतं, त्याच हिशेबाने झाडं लावा.

वारा-ऊन : उन्हाळ्यातली झळ बहुतेक पश्चिमेकडून येते. त्या धुऱ्यावर शेवरी, सीताफळ, कडुनिंब, बांबू अशी उंच-ठेंगणी ओळ लावा. हिवाळ्यात सावली उत्तरेला लांब पडते, म्हणून भाजीच्या दक्षिणेला मोठं झाड नको.

जनावर : ओल्या मातीत सकाळी पावलं बघा. लेंड्यांचा ढीग वारंवार एकाच जागी दिसला तर रोह्यांची ये-जा तिथूनच आहे. कुंपणाची सुरुवात त्या बाजूने करा.

माणूस : पांदण पावसात चालते का? वीज दिवसा येते की रात्री? वरून विजेची तार जाते का? शेजारी तणनाशक फवारतो तेव्हा वारा कुठला असतो? या सगळ्याची उत्तरं नकाशावर लिहा. धुऱ्यालगत झाडं लावण्याआधी शेजाऱ्याशी बोला, कारण सावली त्याच्याही पिकावर पडते. वाटेचा प्रश्न असेल तर जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो.

माती-पाण्याचे नमुने अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात किंवा जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. मग क्रम असा ठेवा: आधी पाण्याची वाट, मग बैलगाडी-ट्रॅक्टरची, त्यानंतर झाडं आणि शेवटी हंगामी पीक. पिकाची चूक पुढच्या हंगामात सुधारता येते. चुकीच्या जागी लावलेलं झाड मात्र पाच-सात वर्षं वाया घालवतं.