आधी स्कीमा कुठे राहतो ते बघ

हेडलेस सीएमएस निवडायचं म्हटलं की तुम्ही पोरं गिटहबवरचे स्टार मोजत बसता. ते राहू दे. आधी एवढंच विचार, मजकुराचा साचा, म्हणजे स्कीमा, राहतो कुठे?

स्ट्रापीत तू पडद्यावरच्या बिल्डरमध्ये ‘लेख’ नावाचा कंटेंट टाइप बनवलास की मागे प्रोजेक्टमध्ये जेसन फाइल पडते आणि ती गिटमध्ये जाते. म्हणून प्रॉडक्शनवर तो बिल्डर बंद असतो. “एक रकाना वाढवा, पाच मिनिटांचं तर काम” असा क्लायंटचा फोन येणारच. त्याला आधीच सांगून ठेव, की बदल लोकलवर होणार, मग कमिट, मग डिप्लॉय.

डायरेक्टसचं नेमकं उलट. ते तुझ्या एसक्यूएल डेटाबेसवरच बसतं. पडद्यावर फील्ड वाढवलं की टेबलात खराखुरा कॉलम वाढतो. जुनं मायएसक्यूएल घेऊन गिऱ्हाईक आलं तर माझा कौल यालाच. मात्र स्टेजिंगवरचा बदल पुढे न्यायला स्कीमाचा स्नॅपशॉट काढायची शिस्त तुलाच पाळावी लागेल. पेलोडमध्ये साचा टाइपस्क्रिप्टमध्ये हातानेच लिहायचा, आणि तिसऱ्या आवृत्तीपासून ते थेट नेक्स्टजेएसच्या प्रोजेक्टात बसतं. टीमला टाइपस्क्रिप्ट येत नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

लायसन्सची फाइल स्वतः उघडून वाच. कुणी ‘ओपन सोर्स आहे’ म्हटलं म्हणून मान डोलवू नकोस. डायरेक्टस २०२३ मध्ये जीपीएल सोडून बीएसएलवर गेलं. संस्थेची उलाढाल किंवा निधी ५० लाख डॉलरच्या आत असेल तर फुकट, वर गेलं की पैसे. काटेकोर अर्थाने हे ओपन सोर्स नव्हे, पण आपल्या बहुतेक गिऱ्हाइकांना त्याची झळ लागणार नाही. स्ट्रापीचा गाभा एमआयटीखाली आहे, तरी त्याच रेपोतल्या ‘ईई’ फोल्डरांना वेगळं लायसन्स लागतं. सिंगल साइन-ऑन हवं तर खिशात हात घालावा लागतो. पेलोड एमआयटीच, फक्त २०२५ मध्ये ते फिग्माने घेतलंय, तेव्हा तिकडे लक्ष असू दे.

डेमोत ‘हॅलो वर्ल्ड’ टाकून खूश होऊ नकोस, पहिल्याच दिवशी मराठी शीर्षक टाक. यूआरएलमध्ये देवनागरीच्या एकेका चिन्हाचे नऊ वर्ण होतात. नुसत्या ‘दिवाळी’चे ५४! व्हॉट्सॲपवर पाठवलेला तसला दुवा पाहून संपादक तुलाच धरतील. रोमन स्लगचं फील्ड वेगळं ठेव.

बॅकअप म्हणजे नुसता डेटाबेसचा डंप नव्हे. स्ट्रापी फोटो मुळात सर्व्हरच्याच डिस्कवर ठेवतं. होस्टिंग कंटेनरचं असेल तर पुढच्या डिप्लॉयला ते गायब. एस-थ्रीसारखं स्टोरेज सुरुवातीलाच जोड.

संपादकांचा हात वर्डप्रेसवर बसलेला असेल तर तेही हेडलेस चालतं. २०१६ पासून रेस्ट एपीआय त्यातच आहे. आणि साइट पाच पानांची, मजकूर वर्षातून एकदा बदलणारा असेल, तर यांतलं काहीच घेऊ नकोस. मार्कडाउनच्या फायली आणि गिट पुरे.